रुग्णसेवेचे दार मिटताना

सौंसर आणि पांढुर्णा हा संत्र्यांचा मुलूख. राज्य मध्य प्रदेशाचे, कचेरीतली भाषा हिंदी. परंतु घरातली, बाजारातली आणि भांडणातलीही भाषा मराठी. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा भाग छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा निघून पांढुर्णा या नावाचा नवा जिल्हा झाला. याच मुलखात सौंसरजवळ जामसांवली हे गाव आहे. तेथील निद्रिस्त हनुमंताच्या देवस्थानाची कीर्ती नागपूर-विदर्भापर्यंत पसरलेली आहे. इतर भाविकांप्रमाणेच मनाचे दुखणे जडलेल्या माणसाला घेऊन त्याचे आप्तेष्टही तेथे येतात, आणि काही जण तर दिवसचे दिवस मुक्काम करून राहतात.

आपली उपासना निराळी. तरी दुखणाइताला हाताला धरून चालविणारा भाऊ, त्याच्यासाठी चूल पेटविणारी आई, ही माणसे कोणत्याही धर्माच्या घरात सारखीच असतात. जेथे दुखणाईत येतात तेथे त्यांच्याभोवती हळूहळू एक संसार उभा राहतो. कोणी उतरावयास जागा देतो, कोणी पाणी भरतो, कोणी नुसतेच ऐकून घेतो. देवस्थान असो, मिशनचा दवाखाना असो, गावातल्या दहा बायांनी चालविलेले क्षयरुग्णांचे मदतमंडळ असो, किंवा दारू सोडलेल्यांची साप्ताहिक बैठक असो. बरे होण्यामध्ये औषधाइतकाच या संसाराचा वाटा असतो, असे आम्हांस वाटते.

हा संसार मांडावा कसा, याविषयी पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. पायाभरणीला महागुरुस्वामी येतात, कोनशिला बसते, छायाचित्रे निघतात. परंतु तो आवरावा कसा, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. वाचकहो, आज आम्ही त्याविषयी चार शब्द लिहू इच्छितो. कारण संस्था मिटण्याचे दिवस आलेले आहेत. सेवा करणाऱ्या सिस्टर वृद्ध झाल्या, मागून येणाऱ्या थोड्या. खेड्यात राहावयास डॉक्टर मिळत नाही. परदेशातून येणारी मदत आटली. पलीकडच्या गावात सरकारी आरोग्य केंद्र उभे राहिले, आणि कित्येक ठिकाणी, देवाची कृपा म्हणावी, तो रोगच ओसरला. कारण कोणतेही असो, शेवट मात्र बहुधा एकाच रीतीने होतो. एके सोमवारी रुग्ण दाराशी येतो आणि दाराला कुलूप असते.

त्या कुलपाची किंमत कोण मोजतो? फेफऱ्याचा रुग्ण रोजच्या गोळीवर उभा असतो. ती गोळी एकाएकी तुटली तर झटके पुन्हा येतात, आणि पूर्वीपेक्षा जोरानेही येतात. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. तो मध्येच थांबला तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होण्याची भीती असते, आणि ते दुखणे घरातल्या लेकरांपर्यंत पोहोचते. मनाच्या दुखण्याचा रुग्ण तर पुष्कळदा एकाच माणसावर विश्वास टाकून औषध घेत असतो. तो माणूस न सांगता निघून गेला म्हणजे औषधही गेले. संस्थेच्या इतिवृत्तात ‘कार्य समाप्त’ अशी एक ओळ लिहून होते. रुग्णाच्या घरी ती ओळ वर्षानुवर्षे चालू राहते.

महात्मा गांधींविषयी एक आख्यायिका सांगतात. एका कुष्ठरुग्णालयाच्या उद्घाटनासाठी त्यांना बोलावणे आले. उद्घाटन दुसऱ्या कोणाकडून करून घ्या, ते रुग्णालय बंद करावयाचा दिवस येईल तेव्हा मला बोलवा, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले म्हणतात. दाखला कोणत्या गावचा हे महत्त्वाचे नाही. ज्याने सेवाग्रामच्या आश्रमात परचुरे शास्त्री या कुष्ठरोगाने ग्रासलेल्या संस्कृत पंडितास आपल्या झोपडीजवळ ठेवून घेतले, स्वतःच्या हाताने त्यांचे अंग चोळले, त्या माणसाला हे बोलण्याचा अधिकार होता. पुढे शास्त्रीबुवा वर्ध्याजवळच्या दत्तपूर कुष्ठधामात गेले आणि १९४५ साली तेथेच निवर्तले. हे कुष्ठधाम मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये सुरू केले होते. कुष्ठरुग्णांच्या जखमा धुण्यास हात पुढे करणारे फार थोडे, असा तो काळ होता.

गांधीजींच्या मृत्यूनंतर, १९५१ मध्ये, वर्ध्यास गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉ. वर्देकर हे त्याच्या कार्याचे एक प्रमुख सूत्रधार. त्यांनी जी पद्धत घालून दिली तिच्यात तीन गोष्टी होत्या: गावोगाव फिरून प्रत्येक माणसाची तपासणी करणे, लोकांना रोगाची खरी माहिती देणे, आणि रुग्णाला घरीच ठेवून औषध देणे. त्यापूर्वीची रीत अशी की रुग्णाला गावाबाहेर काढावे आणि कोणा दयाळू मिशनऱ्याने किंवा दानशूराने बांधलेल्या आश्रमात पोहोचवावे. नव्या रीतीत कार्यकर्ता सायकलवर बसून रुग्णाच्या दारात जाऊ लागला. म्हणजे आश्रमाची गरजच उरू नये, अशी ही योजना होती. आपल्या कामाचा शेवट डोळ्यांपुढे ठेवून आरंभ करणारी संस्था विरळा. आम्हांस तिचे कौतुक वाटते ते याचसाठी.

पुढे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुष्ठरोगावर एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. ही योजना भारतात ज्या जिल्ह्यांत आरंभी राबविली गेली त्यांत वर्धा होता. सहा महिने किंवा बारा महिने गोळ्यांची पाकिटे घेतली की रुग्ण बरा, असे ते औषध. देशात दर दहा हजार लोकांमागे १९८३ साली सत्तावन्नांहून अधिक रुग्ण होते. २००५ च्या अखेरीस ते प्रमाण एकाच्या खाली आले, आणि कुष्ठरोग ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नाही, असे सरकारने जाहीर केले. त्याच सुमारास कुष्ठरोगासाठी असलेली स्वतंत्र पथके साधारण आरोग्यसेवेत मिसळून टाकण्यात आली. वर्षानुवर्षे गावोगाव फिरून माणसांच्या पाठी तपासणारे कार्यकर्ते आता इतर कामाला लागले.

हा आनंदाचा दिवस होता यात शंका नाही. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने येथे एक काटा आहे, तो दडविता येणार नाही. घरोघर जाऊन चट्टा शोधणारा माणूस गेला तेव्हा चट्टा शोधणेही मंदावले. रुग्ण आपणहून येईल तर औषध मिळेल, अशी स्थिती झाली. कुष्ठाचा चट्टा दुखत नाही, खाजत नाही; मग गरीब माणूस मजुरी बुडवून दवाखान्यात जाणार कशाला? शेवटी २०१६ मध्ये घरोघर जाऊन रुग्ण शोधण्याची मोहीम सरकारला पुन्हा हाती घ्यावी लागली, आणि हजारो दडलेले रुग्ण तिच्यात सापडले. आजही भारतात वर्षाला सुमारे एक लाख नवे रुग्ण आढळतात. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे तर हा रोग अद्याप चांगलाच मूळ धरून आहे.

दुसरी गोष्ट रुग्णाच्या पायांची. रोग बरा झाला तरी मेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. काटा रुतला, निखाऱ्यावर पाय पडला, तरी कळत नाही. जखम होते आणि ती हाडापर्यंत जाते. अशा माणसाला मऊ रबराच्या खास चपला जन्मभर लागतात, आणि रोज संध्याकाळी पाय पाण्यात भिजवून नीट पाहण्याची सवय लावणारे कोणी तरी लागते. कुष्ठरोगाचे केंद्र ‘काम संपले’ म्हणून मिटते तेव्हा चपलांचे काम संपलेले नसते. सरकारी योजनेत या चपला विनामूल्य मिळतात. पण कोठे, कोणाकडून आणि कधी, हे त्या म्हाताऱ्या माणसाला सांगितलेच नसेल, तर त्याच्या लेखी योजना नाहीच. आमच्या मते संस्था नीट मिटली की नाही याची परीक्षा येथे होते: तिच्या शेवटच्या रुग्णाला पुढच्या चपला कोठून मिळावयाच्या, हे त्याला ठाऊक आहे काय?

येथे कोणी विचारील, की मिटवावेच कशाला, काम बदलावे. तेही खरे. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेल्या वसाहतीत पुढे अंध व मूकबधिर मुलांच्या शाळा निघाल्या. परंतु सर्वांनाच ते साधत नाही. त्यासाठी मागून येणारी पिढी लागते, आणि तीच जेथे नाही तेथे नव्या नावाने जुने ओझे ओढत राहणे ही सेवा नव्हे. जी संस्था आता रुग्णाला पुरेसे काही देऊ शकत नाही, ती केवळ नावासाठी उघडी ठेवणे हाही रुग्णावर अन्यायच होय; कारण दार उघडे दिसते म्हणून तो दुसरीकडे जात नाही.

नीट मिटविण्याचा एक धडा आपणांस दूरच्या समुद्रातून मिळतो. संत दामियान यांचे चरित्र आपल्या पुष्कळ घरांत वाचले गेले आहे. बेल्जियमचा हा धर्मगुरू १० मे १८७३ रोजी हवाई बेटांतील मोलोकाई येथे कुष्ठरुग्णांच्या वस्तीत उतरला, त्यांच्यासाठी घरे बांधली, शवपेट्या बनविल्या, शेवटी त्यांचाच रोग घेऊन १५ एप्रिल १८८९ रोजी प्रभूच्या घरी गेला. त्यांच्या मागे संत मारियान कोप व त्यांच्या फ्रान्सिस्कन भगिनींनी ते काम सांभाळले. २००९ मध्ये दामियान आणि २०१२ मध्ये मारियान यांना संतपद जाहीर झाले. ही आरंभाची कथा सर्वांस ठाऊक असते. शेवटाची कथा आम्हांस तितकीच वाचनीय वाटते.

१८६६ पासून त्या कालाउपापा नावाच्या भूशिरावर सुमारे आठ हजार माणसे सक्तीने पाठविली गेली. लेकरे आईबापांपासून तोडली गेली. औषध निघाले, रोग आटोक्यात आला, आणि १९६९ मध्ये सक्तीच्या विलगीकरणाचा कायदा उठला. आता सरकारला सोपे काय होते? वस्ती मोडावी, जमीन मोकळी करावी, रुग्णांना जा म्हणावे. समुद्रकाठच्या त्या सुंदर जमिनीला गिऱ्हाइके कमी नव्हती. परंतु जा म्हटले तरी जावयाचे कोठे? बालपणी आणलेल्या माणसाचे घर आता तेच होते, त्याची मित्रमंडळी तेथे, त्याच्या बायकोची कबर तेथे. रहिवाशांनी आम्हांस येथेच राहू द्या असा आग्रह धरला. १९८० मध्ये तेथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान करणारा कायदा झाला आणि त्यात स्पष्ट लिहिले गेले, की रुग्णांना हवे तितके दिवस, म्हणजे मरेपर्यंतही, तेथे राहता येईल. त्यांची शुश्रूषा राज्याच्या आरोग्य खात्याकडेच राहिली. पुढे पुढे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वृद्ध रहिवासी उरले, आणि तरीही दवाखाना, दुकान व रस्ता त्यांच्यासाठी चालू ठेवला गेला. हिशेबनीसाला हा खर्च वेडेपणाचा वाटेल. पण ज्यांना आपण सक्तीने आणले त्यांना पुन्हा सक्तीने हलवावयाचे नाही, एवढेच त्यामागचे तत्त्व. २००९ मध्ये आणखी एक कायदा करून तेथे पाठविलेल्या सर्वांच्या नावांचे स्मारक उभारण्यास संमती देण्यात आली. दात्यांची नावे संगमरवरावर आपणही कोरतो; येथे रुग्णांची नावे कोरावयाची ठरली.

याच रोगासाठी अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कार्व्हिल येथे मोठे रुग्णालय होते. दयाधर्माच्या भगिनी १८९६ पासून तेथे सेवा करीत. १९९९ मध्ये ते हलविण्याचे ठरले तेव्हा रहिवाशांपुढे निवड ठेवली गेली. इच्छा असेल त्याने जुन्या जागीच राहावे, कोणी नव्या रुग्णालयात जावे, आणि जो स्वतंत्र राहू शकेल त्याने वर्षाला ३३,००० डॉलर निर्वाहवेतन घेऊन बाहेर पडावे. आपल्याजवळ डॉलर नाहीत हे खरे. पण विचारण्याला पैसे पडत नाहीत.

पुन्हा मनाच्या दुखण्याकडे वळू, कारण जामसांवलीसारख्या ठिकाणी येणाऱ्यांचे दुखणे पुष्कळदा ते असते. तामिळनाडूतील एरवाडी येथे एका प्रसिद्ध दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांना ठेवून घेणारी खाजगी घरे होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यांपैकी एका झोपडीवजा घराला आग लागली आणि साखळीने बांधलेले अठ्ठावीस जीव जागच्या जागी जळाले. आठवड्याभरातच सरकारने तेथील तसली सर्व घरे बंद केली आणि पाचशेहून अधिक रुग्णांना आपल्या ताब्यात घेतले. ती घरे बंद करणे प्राप्तच होते. माणसाला साखळीने बांधणे आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही निषिद्ध आहे. परंतु ज्या थकलेल्या घरांनी आपले माणूस तेथे आणून सोडले होते, त्या घरांचा थकवा एका हुकमाने कसा नाहीसा व्हावा? दार बंद झाले, गरज तशीच राहिली.

याच्या उलट उदाहरण इटलीतील ट्रिएस्टे शहराचे. डॉ. फ्रांको बसाल्या १९७१ मध्ये तेथील मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले तेव्हा आत बाराशेच्या आसपास माणसे होती, कित्येक तर अर्धे आयुष्य तेथे काढलेली. हे रुग्णालय मिटवावयाचे असे त्यांनी मनाशी ठरविले होते. पण त्यांनी कुलूप शेवटी लावले. आधी शहराच्या निरनिराळ्या भागांत लहान केंद्रे उघडली, तेथे माणसे नेमली. रुग्णांची सहकारी मंडळी स्थापून त्यांच्या कामाला मजुरी मिळेल अशी सोय केली. राहावयास घरे पाहिली. १९७८ मध्ये मनोरुग्णालये मिटविण्याचा कायदा देशात झाला आणि १९८० साली ट्रिएस्टेचे ते जुने रुग्णालय बंद झाले. नऊ वर्षे लागली. बाहेरची दारे आधी उघडावी आणि आतले दार मागाहून लावावे, हा क्रम त्यांनी सोडला नाही.

आता आपल्या खेड्यांच्या मापाने बोलू. धर्मग्रामाचा लहानसा दवाखाना किंवा सेवामंडळ मिटवावयाचे ठरले तर सर्वांत आधी कोणाला कळावे? बहुधा आधी समितीला कळते, मग दात्यांना, मग गावात कुजबुज होते आणि शेवटी रुग्णाला. हा क्रम उलटा करावा. जे नियमित औषध घेतात त्यांना निदान सहा महिने आधी, घरी जाऊन, बसून सांगावे. फलकावर कागद चिकटवून सांगू नये. प्रत्येकाचा औषधोपचार कोठे चालू राहणार ते ठरवावे, आणि शक्य तर पहिल्या खेपेस सोबत जावे. रुग्णाला नव्या डॉक्टरच्या हाती देणे आणि नव्या डॉक्टरचा पत्ता देणे यांत फार अंतर आहे. केसपेपर रद्दीत जाऊ नयेत. ते रुग्णाचे गुपित असते. त्याची प्रत त्याच्या हाती द्यावी, बाकीचे जबाबदार माणसाकडे बंद ठेवावेत. मुदत संपलेली औषधे विहिरीत वा उकिरड्यावर टाकू नयेत, हे सांगावयास नको, तरी सांगतो, कारण असे घडताना दिसते.

त्यानंतर सेवक. दाई, परिचारिका, झाडलोट करणारी बाई, रात्रीचा राखणदार. यांची नेमणूक पुष्कळदा तोंडीच झालेली असते, म्हणून निरोपही तोंडीच दिला जातो. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, थकलेला पगार हे सर्व हिशेब आधी चुकते करावेत. शाल आणि श्रीफळ मागाहून. (शालीवर आमचा राग नाही, पण तीस वर्षे रुग्णांची भांडी घासलेल्या बाईला शाल देऊन पगार बुडविणारे सत्कार होतात असे ऐकले म्हणजे मन खिन्न होते.) तिला आपल्या कामाचे लेखी प्रशस्तिपत्र द्यावे. वरच्या लोकांना त्याची गरज नसते, तिला असते.

पैसा आणि वास्तू यांविषयी कायदा पुष्कळ स्पष्ट आहे आणि तो विचारपूर्वक केलेला आहे. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याप्रमाणे संस्था विसर्जित करावयास सभासदांपैकी किमान तीनपंचमांश जणांची संमती लागते. सर्व देणी फेडून जे उरेल ते सभासदांनी आपसांत वाटून घ्यावयाचे नाही. ते दुसऱ्या एखाद्या संस्थेकडे गेले पाहिजे. मध्य प्रदेशात यासाठी १९७३ चा राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची जमीन किंवा इमारत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. ख्रिस्तसभेचा १९८३ चा धर्मविधी-संग्रह तर असे सांगतो की, भाविकांनी पुण्यकार्यासाठी दिलेल्या देणगीमागचा त्यांचा हेतू अत्यंत काळजीपूर्वक पाळला जावा. एखाद्या विधवेने रुग्णांच्या दुधासाठी म्हणून गाय दिली असेल, तर त्या गाईचे पैसे सभागृहाच्या पंख्यांना जाऊ नयेत. देणारी हयात असेल तर तिला विचारावे, नसेल तर तिच्या मुलाबाळांना. असे विचारले असता नाही म्हणणारे फार थोडे निघतात. न विचारल्याची खंत मात्र दोन पिढ्या चालते.

आणि आभार. निरोपसमारंभात आभार कोणाचे मानावयाचे हे बहुधा पाहुण्यांच्या हुद्द्यावरून ठरते. आमची सूचना अशी की समारंभाच्या आधी महिनाभर एक वही दवाखान्याच्या ओट्यावर ठेवावी आणि ज्याला जे आठवेल ते त्याने त्यात लिहावे किंवा लिहवून घ्यावे. रात्री बैलगाडी जुंपून बाळंतिणीला आणणारा कोण होता, साथीच्या दिवसांत भाकऱ्या कोणी पुरविल्या, कोणत्या घराने खोली भाड्यावाचून दिली, ही नावे कोणत्याही अहवालात सापडत नाहीत. त्यात रुग्णांचेही आभार असावेत. त्यांनी विश्वास टाकला म्हणून संस्था होती. कित्येकदा नवशिक्या हातांखाली त्यांनी मुकाट्याने सुई टोचून घेतली आहे. मुंबईच्या वडाळ्यातील ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० पासूनचे. तेथे जुन्या काळाची साक्ष देणारे संग्रहालय केलेले आहे. आपल्या दवाखान्याचे संग्रहालय होणार नाही, पण एक वही धर्मग्रामाच्या दप्तरात जपून ठेवणे कठीण नाही.

मिटविणाऱ्यांच्या मनाचाही विचार करावा. ज्या सिस्टरने चाळीस वर्षे तो दवाखाना चालविला तिला शेवटी आपण हरलो असे वाटते. तिच्याशी बोलताना लोक म्हणतात, “काही नाही सिस्टर, तुम्ही विश्रांती घ्या.” हे सांत्वन तिला टोचते. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याने येऊन, “सिस्टर, माझा पोर तुमच्या हातचा आहे,” एवढे म्हटले तर ते अधिक पोहोचते. तिला रडावयास वेळ द्यावा. सामान बांधावयास दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून देणे म्हणजे कार्यक्षमता नव्हे.

शेवटचा प्रश्न मेलेल्यांचा. जुन्या रुग्णालयांच्या आवारात अशी दफनभूमी असते की जिच्यातल्या माणसांना नातेवाइकांनी नेले नाही. इमारत कोणाला तरी देता येते. ही जागा कोणी मागत नाही. तिला कुंपण कोण घालील, सर्व मृतांच्या दिवशी तेथे प्रार्थनेस कोण जाईल, हे लेखी ठरवून, शेजारच्या धर्मग्रामाने ते आपल्या अंगावर घेतल्यावाचून किल्ल्या हवाली करू नयेत.

ग्रीस देशात क्रीट बेटाजवळ स्पिनालोंगा नावाचे लहानसे बेट आहे. कुष्ठरुग्णांची वस्ती तेथे अर्धशतकाहून अधिक काळ होती. १९५७ मध्ये ती बंद झाली आणि उरलेल्या रुग्णांना अथेन्सच्या रुग्णालयात नेण्यात आले. बेटावर कोणी उरले नाही, फक्त एक धर्मगुरू राहिला. त्यांच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत मृतासाठी चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षाने, तीन वर्षांनी आणि पाच वर्षांनी स्मरणविधी करावयाचा असतो. शेवटी मेलेल्यांचे ते विधी पुरे व्हावयाचे होते. ते पुरे करून तो १९६२ मध्ये बेट सोडून गेला.